रंगाचे दोन धडे

१८७१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीने रसायनशास्त्राचे एक प्राध्यापकपद निर्माण केले. ही घटना कलेच्या इतिहासात फारशी नोंदली जात नाही. अकॅडमीत शरीररचनेचे प्राध्यापक तिच्या स्थापनेपासून, म्हणजे १७६८ पासून होते. यथार्थदर्शन शिकविणारेही होते. मनुष्याकृती काढणाऱ्यास हाडे आणि स्नायू ठाऊक असावेत, हे कोणासही पटण्याजोगे आहे. परंतु क्षार, आम्ल आणि धातू यांच्याशी व्यवहार करणाऱ्या शास्त्रज्ञाला चित्रकारांच्या व्यासपीठावर कशासाठी पाचारण करावे? या प्रश्नाच्या उत्तरात एकोणिसाव्या शतकातील चित्रकलेच्या एका अडचणीची, आणि त्या अडचणीतून निघालेल्या दोन धड्यांची कथा दडलेली आहे.

जुन्या चित्रशाळांत हा प्रश्न उद्भवलाच नसता. तेथे रंग विकत घेतला जात नसे, तो तयार केला जात असे. शिष्य प्रथम खल हाती घेई आणि कुंचला पुष्कळ वर्षांनी. इटलीत चेन्निनो चेन्निनी यांनी पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत रंग कुटण्यापासून भिंत तयार करण्यापर्यंतच्या कृती आहेत. आणि त्याहून कितीतरी आधी आपल्याकडील विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रातही भित्तीची सिद्धता व रंगांची सिद्धता हे चित्रविद्येचेच अंग मानलेले आहे. हिंगूळ कशाने काळवंडतो, हरताळ कोणत्या रंगाशेजारी नांदत नाही, मंजिष्ठाचा लाल किती उन्हे सोसतो, हे ज्ञान शास्त्र म्हणून मांडलेले नसले तरी हातांत होते. गुरूच्या चुका शिष्याने पाहिलेल्या असत, कारण त्याच भिंतीखाली तो वाढलेला असे.

अठराव्या शतकापासून हे चित्र पालटू लागले. शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये प्रशियन निळा सापडला. १७७५ साली शेले यांनी संखिया आणि तांबे यांपासून हिरवा रंग केला. १८०२ साली तेनार यांनी कोबाल्टचा निळा सिद्ध केला. ज्या नीलवर्णासाठी लाजवर्द हे रत्न अफगाणिस्तानातून आणून सोन्याच्या मोलाने विकले जाई, तो गिमे यांनी १८२८ च्या सुमारास भट्टीत तयार केला. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या पातळ नळीत तयार रंग भरण्याची युक्ती शोधली. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन यांनी डांबरातून जांभळा रंग काढला आणि त्यामागोमाग कृत्रिम रंगद्रव्यांचा पूरच लोटला. चित्रकाराच्या पेटीत एवढी समृद्धी पूर्वी कधी नव्हती. मात्र त्या नळीत काय भरले आहे, हे त्याला प्रथमच ठाऊक नव्हते. खल सुटला, आणि खलाबरोबर जाणतेपणही सुटले.

रसायनवेत्ते या क्षेत्राकडे प्रथम वळले ते भूतकाळाच्या ओढीने. हंफ्री डेव्ही १८१४-१५ च्या हिवाळ्यात रोममध्ये होते. शिल्पकार कानोव्हा यांच्या साहाय्याने त्यांना प्राचीन रंगांचे नमुने मिळाले. टायटसच्या स्नानगृहांतील भित्तिचित्रांच्या रंगांचेही त्यांनी परीक्षण केले. तेथील निळा रंग म्हणजे वाळू, सोडाक्षार आणि तांबे एकत्र तापवून केलेली एक प्रकारची काच आहे, हे त्यांनी दाखविले, आणि स्वतः तसा रंग भट्टीत करूनही पाहिला. १८१५ च्या फेब्रुवारीत त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. त्याचे मर्म असे की, सतराशे वर्षे टिकलेला रंग हा योगायोग नसून ती एक कृती आहे, आणि ती कृती पुन्हा साधता येते. टिकाऊपणा हा शास्त्राचा विषय होऊ शकतो, ही जाणीव येथे दिसते.

परंतु पुढचा मोठा आवाज घुमला तो पॅरिसमधून, आणि तो टिकाऊपणाविषयी नव्हता. मिशेल यूजेन शेव्रल हे स्निग्ध पदार्थांच्या रसायनावरील संशोधनाने कीर्ती पावलेले शास्त्रज्ञ. १८२४ साली त्यांची नेमणूक गोब्लँ या राजकीय विणशाळेच्या रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून झाली. तेथील भिंतपडदे युरोपभर नावाजलेले होते. कारागिरांची एक जुनी तक्रार त्यांच्यापुढे आली: निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या छाया विणताना वापरलेली काळी लोकर हवी तितकी काळी दिसत नाही. तक्रार रंगाईची होती, म्हणून शेव्रल यांनी प्रथम रंगच तपासला. इतर ठिकाणची काळी लोकर आणवून शेजारी ठेवली. गोब्लँची लोकर कोठेही उणी नव्हती. दोष द्रव्यात नसून शेजारात होता, या निष्कर्षावर ते आले. दोन रंग एकमेकांलगत आले की प्रत्येक रंग दुसऱ्यावर आपल्या पूरक रंगाची झाक टाकतो, आणि हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यात घडते. रसायनवेत्त्याने आपल्या शास्त्राची मर्यादा ओळखून प्रश्न दुसऱ्या प्रांतात नेला, हा त्या शोधाचा खरा मोठेपणा होय.

शेव्रल यांनी हा विषय गोब्लँमधील जाहीर व्याख्यानांतून मांडला आणि १८३९ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. चित्रकारांपासून विणकर, छापणारे, माळी यांपर्यंत सर्वांना लागू पडेल अशी त्याची मांडणी होती. १८५४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. शेव्रल १०२ वर्षे जगले. १८८९ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचा सिद्धान्त पॅरिसच्या तरुण चित्रकारांची जणू प्रतिज्ञा झालेला होता. हा पहिला धडा: रंग दिसतो कसा. तो चित्रकारांनी आतुरतेने ऐकला, कारण ऐकल्याबरोबर फळ मिळत होते. कुंचल्याला आजच, या क्षणी, नवे सामर्थ्य लाभत होते.

दुसरा धडा लंडनमध्ये दिला जात होता. तेथे त्याची गरज डोळ्यांसमोर भिंतींवर टांगलेली होती. जोशुआ रेनल्ड्स हे अकॅडमीचे पहिले अध्यक्ष. पण त्यांनी रंगविलेल्या चेहऱ्यांतील लाली त्यांच्या हयातीतच उडून गेली होती. टर्नर यांच्या सूर्यास्तांतील तांबूस छटाही अशाच विरल्या. लवकर उडणारे रंग वापरल्याबद्दल रंगविक्रेत्याने टोकले असता, रंग करणे तुमचे काम आणि ते वापरणे माझे, अशा अर्थाचे उत्तर टर्नर यांनी दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, श्रमविभागणीने कलावंताच्या मनात काय घडविले होते, ते तीत अचूक उतरले आहे.

अशा परिस्थितीत निर्माण झालेल्या त्या प्राध्यापकपदावर प्रथम फ्रेडरिक बार्फ आले, आणि १८७९ साली आर्थर हर्बर्ट चर्च. चर्च हे केवळ पाहुणे व्याख्याते नव्हते. ते स्वतः निसर्गचित्रे काढीत. त्यांची जिज्ञासाही विलक्षण विस्तृत होती. टुराको या आफ्रिकन पक्ष्याच्या किरमिजी पिसांतील रंगद्रव्यात तांबे असते, हा त्यांचा १८६९ चा शोध. भारतातील धान्यांच्या पोषणमूल्यांवरही त्यांनी १८८६ साली एक ग्रंथ लिहिला. तीन दशकांहून अधिक काळ, १९११ पर्यंत, ते अकॅडमीत विद्यार्थ्यांना रंग, तेल, राळ, कागद, कापड आणि गिलावा यांचे रसायन सांगत राहिले. १८९० साली त्यांचा रंग आणि चित्रण यांच्या रसायनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. भरवशाचे रंग कोणते आणि दगा देणारे कोणते. एकमेकांशेजारी कोणते नांदतात आणि कोणते एकमेकांचा घात करतात. कोळशाच्या धुराने माखलेल्या शहरी हवेत शिशाचा सफेदा का काळवंडतो, हा त्याचा विषय. वेस्टमिन्स्टर राजवाड्यातील झिजत चाललेल्या भित्तिचित्रांची तपासणीही पुढे त्यांच्याकडेच आली.

याच सुमारास जलरंगांच्या उडण्यावरून लंडनच्या वृत्तपत्रांतून कडाक्याचा वाद झडला होता. तो मिटविण्यासाठी रसेल आणि ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांनी कागदाच्या रंगविलेल्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत ठेवून उन्हात टांगल्या. काही नळ्यांत दमट हवा, काहींत कोरडी, तर काही निर्वात. १८८८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रकाशाने रंग उडतात हे तर दिसलेच. पण निर्वात नळीत बहुतेक रंग तसेच राहिले. नाश करणारा एकटा प्रकाश नव्हे. प्रकाश, हवा आणि ओल यांचा तो संयुक्त उद्योग आहे, हे यातून स्पष्ट झाले. आजच्या संग्रहालयांतील मंद उजेडामागे आणि मोजून राखलेल्या आर्द्रतेमागे अशाच प्रयोगांची परंपरा उभी आहे.

परंतु या दुसऱ्या धड्याचे स्वरूपच असे होते की तो ऐकणाऱ्याला त्याग करावा लागे. जो रंग आज सर्वांत तेजस्वी दिसतो तोच टाकून द्या, असे तो सांगे; आणि त्याचे फळ पाहण्यास ऐकणारा जिवंत राहणार नसे.

या दोन धड्यांतील अंतर किती महाग पडू शकते, याचे उदाहरण म्हणजे जॉर्ज सरा यांचे ‘ला ग्रांद जात’ बेटावरील रविवारचे विख्यात चित्र. १८८४ ते १८८६ या काळात, शेव्रल यांचा आणि त्यांच्यानंतरच्या वर्णशास्त्रज्ञांचा अभ्यास करून, सरा यांनी रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडले. शेजाराने प्रत्येक ठिपका अधिक उजळावा, हा सारा हेतू. त्यांतील पिवळ्यासाठी त्यांनी जस्ताचा क्रोमेट वापरला. तो पिसारो यांच्या सल्ल्याने, असे मानले जाते. हा रंग थोड्याच वर्षांत तपकिरीकडे झुकू लागला. पिवळे ठिपके मातकट झाले, हिरवे शेवाळी आणि नारिंगी तांबूस-करडे. १८९२ साली, म्हणजे सरा यांच्या मृत्यूनंतर अवघ्या वर्षाने, त्यांचे पुरस्कर्ते समीक्षक फेनेओं यांना चित्राचे तेज हरपल्याची खंत नोंदवावी लागली. हे चित्र १९२६ पासून शिकागोच्या संग्रहालयात आहे, आणि तेथील रासायनिक परीक्षणाने त्या पिवळ्याचा स्वभाव पुरता उघड केला आहे. एका रसायनवेत्त्याच्या शिकवणीवर उभारलेले चित्र दुसऱ्या रसायनवेत्त्याच्या शिकवणीअभावी विझले. रंगांचे शेजारनाते डोळ्यात साधले होते. पण एका रंगाचे द्रव्यच निष्ठावान नव्हते.

भारतात हा दुसरा धडा आणखी वेगळ्या मार्गाने, आणि उशिरा पोहोचला. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. त्या कामात मूळ चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश चढविण्यात आले. हेतू प्रेमाचाच होता. त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत भस्मसात झाल्या. अजिंठ्याच्या भिंतीवरील व्हार्निश मात्र राहिले, पिवळे पडले आणि काजळी व धूळ धरून ठेवू लागले. पुढे निजामाच्या राजवटीत, १९२० ते १९२२ दरम्यान, लोरेंझो चेकोनी यांच्यासह आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला आणि चित्रांवर लाखेचा थर दिला. चित्रे कोसळण्यापासून वाचली. पण लाखही कालांतराने काळवंडली. तो थर उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनवेत्त्यांना पुढे अनेक दशके पुरले.

या खात्यात पुरातत्त्वीय रसायनवेत्त्याची नेमणूक १९१७ साली झाली होती. तिकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात एस. परमशिवन यांनी १९३० नंतरच्या दशकात भित्तिचित्रांच्या तंत्राचा प्रश्न हाती घेतला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात नव्यानेच उजेडात आलेली चोळकालीन चित्रे ओल्या चुन्यावर रंगविलेली आहेत, तर अजिंठ्याची चित्रे वाळलेल्या भूमीवर, सरसासारख्या बंधकाच्या आधाराने काढलेली आहेत, असे त्यांनी निष्कर्ष काढले. दोन्ही भिंती दिसायला भिंतीच. पण एकीत रंग चुन्याशी एकजीव झालेला, तर दुसरीत तो नाजूक सरसाने धरलेला. एकीला जे औषध ते दुसरीला विष ठरू शकते. अजिंठ्यावर व्हार्निश चढविणाऱ्यांना हा भेद सांगणारे व्यासपीठ त्या वेळी नव्हते. १९७६ साली लखनौ येथे सांस्कृतिक ठेव्याच्या जतनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली, तेव्हा अशा ज्ञानाला देशात कायमचे घर मिळाले.

विद्यापीठांतून कला आणि रसायन यांना एकत्र आणणारी चर्चासत्रे भरतात, तेव्हा दोन परक्या विद्यांची नवलाईची भेट म्हणून त्यांकडे पाहण्याची रीत आहे. इतिहासाची साक्ष निराळी आहे. या विद्या एकाच खलात एकत्र होत्या. कारखान्याने त्यांना वेगळे केले, आणि व्यासपीठावरून त्यांना पुन्हा जोडण्याचा प्रयत्न गेली दोन शतके चालू आहे. शेव्रल यांनी कलावंताला डोळ्याचे भान दिले, चर्च यांनी काळाचे. पहिले भान कलावंताच्या यशासाठी होते. दुसरे त्याला कधीही न भेटणाऱ्या प्रेक्षकासाठी. म्हणूनच पहिल्याला शिष्य पुष्कळ मिळाले आणि दुसऱ्याला थोडे. लंडनमधील ती व्याख्याने ज्यांच्यासाठी होती ते श्रोते बव्हंशी त्या सभागृहात नव्हतेच. ते अजून जन्मास यावयाचे होते.