कृपेची कीव झाली तेव्हा

ही गोष्ट १९६६ सालची. आम्ही तेव्हा धरमपेठेत राहत होतो. धुणीभांडी करणाऱ्या बाई तापाने आठ दिवस आल्या नाहीत. महिना भरला तेव्हा आईने काही न कापता पूर्ण पैसे त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "राहू दे, कीव येते गं तुझी." बाईंनी आठ दिवसांचे पैसे मोजून ओट्यावर परत ठेवले. "कीव नोका करू माही, बाई," एवढंच बोलल्या आणि भांडी घासायला बसल्या. आईला तो ताठा वाटला. दहा वर्षांच्या मलाही तसंच वाटलं.

पुढे मी मराठी शिकवू लागलो आणि हा शब्द माझ्या मागे लागला. 'कीव' हा शब्द आला 'कृपा' या शब्दावरून. संस्कृतातली कृपा प्राकृतात 'किवा' झाली आणि मराठीत 'कीव'. शब्द एकाच घरातले, पण नशीब वेगळं. कृपा देवाकडे, गुरूकडे, राजाकडे राहिली. कीव माणसांत आली आणि तिचं मोल घसरलं. कृपा मागताना आपण हात जोडतो. 'तुझी कीव येते' हे मात्र भांडणात म्हणतो. असं का व्हावं? मला वाटतं, मराठी कादंबरी-कथा ओळीने वाचली तर उत्तर सापडतं.

१८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. त्यातली यमुना प्रवासात विधवांचे हाल पाहते आणि वाचकाला कळवळा येतो. पाहणारी एक, सोसणाऱ्या दुसऱ्याच. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक'मधून येऊ लागली. तिथे यमू स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. आता वाचकाला दुरून हळहळून चालत नाही. तिच्या शेजारी बसून ऐकावं लागतं.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला आई श्यामला पाठवते. त्या काळी हे धाडसच होतं. पण घरी आल्यावर आंघोळ कर, असंही ती सांगते. वर्गात हा प्रसंग शिकवताना मी दर वेळी त्या आंघोळीपाशी अडखळलो. आईची माया खरी होती, यात शंका नाही. पण ती वरून खाली आलेली होती. त्या बाईला काय वाटलं असेल, हे विचारायची सोय तिच्यात नव्हती.

ते उत्तर खालून आलं. १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह निघाला. त्याच नावाच्या कथेतल्या नायकाला, जात ठाऊक नसते तोवर खोली मिळते, मान मिळतो. जात कळताच मार मिळतो. ही कथा कुणाकडे दया मागत नाही, ती जाब विचारते. इथून पुढे मराठी कथेत नुसत्या कळवळ्यावर भागेना.

आमच्या धरमपेठेपासून दीक्षाभूमी फार लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्री ठेवली आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी, असा तिथला अर्थ. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मैत्रीत कुणी वर नसतो, कुणी खाली नसतो.

भांडी घासणाऱ्या त्या बाई त्या दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. हे मला फार उशिरा कळलं. मग तो ताठा नव्हता, हेही कळलं.

पुढल्या वर्षी त्या पुन्हा आजारी पडल्या. आईने या वेळीही पैसे कापले नाहीत. मात्र म्हणाली, "आजारपणाची सुटी धर. यांना हापिसातून मिळते, तशी तुला." बाईंनी पैसे मोजले, कनवटीला लावले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आपणहून चहा मागितला.