थांबा कुणाचा? मुंबई-लंडन ते तीन विमानांचं एक तिकीट

वाशी-पनवेलहून अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांना विचारा, तिकीट कसं ठरवलं? बहुतेकांचं उत्तर एकच असतं : स्वस्त होतं ते घेतलं. म्हणजे मुंबईहून आखात, तिथून अमेरिकेतलं मोठं शहर, तिथून विद्यापीठाचं गाव. तीन विमानं, दोन कनेक्शन्स. प्रवास लांबचा, त्यामुळे एवढं चालायचंच, असं आपण धरून चालतो. संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा अशाच धरून चाललेल्या गोष्टीत दडलेला असतो. इथे तो असा : मधला थांबा नेमका कुणाचा?

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्या काळच्या विमानाला एका दमात लंडन गाठणं शक्य नव्हतं, वाटेत इंधन घ्यावंच लागे. पण लंडनचा प्रवासी त्याच विमानाने पुढे जाई, सामानही त्यातच. थांबा विमानाचा होता.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. पहिली, भाडं. उत्तर अटलांटिकवर १९५२ मध्ये टूरिस्ट क्लास आणि १९५८ मध्ये इकॉनॉमी क्लास आला : कमी पैसे, कमी जागा. दुसरी, विमानाचा पल्ला. १९६० मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. २००७ मध्ये तर मुंबई-न्यूयॉर्क थेट, न थांबता. इंधनाची अडचण संपली, मग थांबेही संपायला हवे होते. ते का संपले नाहीत?

कारण तोवर थांब्याचा अर्थ बदलला होता. अनेक गावांचे प्रवासी एका केंद्रावर आणायचे आणि तिथून वेगवेगळ्या विमानांत वाटायचे, ही पद्धत १९७८ नंतर अमेरिकेत जोमाने पसरली. १९८५ मध्ये दुबईत एमिरेट्स सुरू झाली. तिच्या अगदी पहिल्या ठिकाणांत मुंबई होती. या पद्धतीत विमान भरतं, तिकीट स्वस्त होतं, पण थांबा प्रवाशाच्या वाट्याला येतो. विमान बदलायचं त्याने, पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं त्याने. तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर विमान चुकल्याचा भुर्दंडही त्याचाच. तिकीट स्वस्त झालं ते काही अंशी प्रवाशाच्या वेळेच्या आणि शरीराच्या जोरावर, असं माझं म्हणणं आहे.

आता पुराव्याचं बघू. जुनी वेळापत्रकं उत्तम साधन आहेत, पण ती विमानाची गोष्ट सांगतात, माणसाची नाही. माणसाचं शरीर शोधायला दुसऱ्या कपाटाकडे जावं लागतं, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांकडे. १९५४ मध्ये जॉन होमन्स या अमेरिकी शल्यविशारदाने दीर्घकाळ बसून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या घटना नोंदवल्या. त्यांत विमानातले प्रवासी होते, तसे मोटारीतले आणि नाटकाला बसलेलेही होते. पुढे १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका लेखाच्या शीर्षकात ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव आलं आणि ते रूढ झालं. पण नाव म्हणजे पुरावा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच असतो. तो बस-रेल्वेलाही लागू आहे, कारण मूळ दोष हालचाल न करण्याचा. आणि थोड्या दिवसांत अनेक विमानप्रवास केले तर धोका वाढतो. म्हणजे कनेक्शनमध्ये पाय मोकळे होतात म्हणून शरीराचा हिशेब तिथे शून्यावर येतो, असं नाही.

हा प्रश्न आता आपल्या दारात आलाय. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. कुणी उलव्याला उतरून सहारहून परदेशी विमान पकडणार असेल, तर त्याचं कनेक्शन म्हणजे बॅगा घेऊन रस्त्याने मुंबई ओलांडणं. वेळापत्रकांत ही दोन विमानं दिसतील, मधला रस्ता दिसणार नाही. तो दिसायला हवा असेल तर बोर्डिंग पास, टॅक्सीच्या पावत्या, घरच्यांना पाठवलेले ‘पोचलो’चे मेसेज आजच जपायला लागतील. विषय शोधताय ना? मग वेळापत्रकातली ती दोन विमानांमधली कोरी जागा आधी वाचा.