वरळीचा पडदा, खानदेशाची माती

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पण जळगाव-धुळ्याच्या घरांत काही दिसले नाही. वरळीच्या मनोऱ्याची ताकद मुंबई परिसरापुरतीच होती. पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक उभा राहिला आणि पुण्याची सोय झाली. धुळे मात्र मुंबईपासून सव्वातीनशे किलोमीटर दूर. म्हणून 'आमची माती, आमची माणसं' हे शेतकऱ्यांचे पडद्यावरचे नियतकालिक कपाशी वेचणाऱ्या खानदेशाआधी दादर-गिरगावच्या चाळींनी पाहिले. ही उफराटी गोष्ट आजही मनाला लागते.

कार्यक्रमाची बांधणी मात्र भक्कम होती. निर्माते शिवाजी फुलसुंदर यांनी शेतीची माहिती रंजक केली. त्यातले 'गप्पागोष्टी' हे सदर तर स्वतःच्या पायावर उभे राहिले. राजा मयेकर आणि माया गुजर बोलू लागले की बियाणे, खत, बचत हे विषय ओट्यावरच्या गप्पांसारखे वाटत. मयेकर शाहीर साबळे यांच्या लोकनाट्यांतून घडलेले नट. प्रेक्षकाला हसवता हसवता मुद्दा गळी कसा उतरवायचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. या कार्यक्रमाची खरी कमाई तीच, असे मला वाटते.

खानदेशाला तोवर आधार रेडिओचा. 1976 मध्ये आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाले आणि मळ्यातल्या ट्रान्झिस्टरवर आपल्याच भागाचा आवाज येऊ लागला.

दूरचित्रवाणीचे जाळे पसरले ते 1983 मध्ये इन्सॅट-1बी अवकाशात गेल्यावर. गावोगावच्या लहान प्रक्षेपकांची क्षमता साधारण 100 वॉट. शहर आणि भोवतीच्या काही गावांपर्यंत चित्र पोचे. स्टुडिओ नव्हता, उपग्रहावरून येईल ते पुढे पाठवायचे, आणि येत असे मुख्यतः दिल्लीचे हिंदी. छपरावरचा अँटेना फिरवून फिरवून माणसे थकत, तरी मराठी शेतीसल्ला मिळत नसे. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी घराघरांत रुजली तेव्हा ही उणीव भरली; 2000 मध्ये तिचे नाव 'सह्याद्री' झाले.

त्याच वर्षी ई टीव्ही मराठी आली. तेलुगूत आधीच गाजलेला 'अन्नदाता' तिने सकाळच्या वेळी मराठीत आणला. 2005 मध्ये 'ॲग्रोवन' हे शेतीचे दैनिक निघाले, 26 मे 2015 रोजी 'डीडी किसान' ही पूर्ण वाहिनी. एका कार्यक्रमाच्या जागी आता कितीतरी.

मधल्या काळात खानदेशाची शेतीच बदलली होती. रावेर-यावलच्या केळीबागांत पाटाच्या पाण्याऐवजी ठिबकच्या नळ्या आल्या, मातृबागेतल्या कंदांऐवजी ऊतिसंवर्धित रोपे आली. 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इतके शिकवण्याजोगे ज्या मातीत घडले, त्या मातीत दूरदर्शनचा एक छोटा स्टुडिओ हवा होता. करप्यावरची फवारणी रावेरच्या शेतकऱ्याने आपल्याच बोलीत सांगितली असती, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या शास्त्रज्ञाने समोर बसून तिच्यातली चूक दाखवली असती, आणि अहिराणीलाही पडद्यावर हक्काची अर्धी-पाऊण घटका मिळाली असती.