फेझच्या तटाआत, साल १३५५

बाब महरूकमधून आत शिरताना वर बघू नका. बंडखोरांची मुंडकी टांगायची ही जागा, आणि दरवाजाला नाव पडलं तेही इथे जाळलेल्या एका बंडखोरामुळेच. मान खाली घालून पुढे व्हा. आणि मागून ‘बालाक, बालाक!’ अशी आरोळी आली की भिंतीला चिकटा. ओझ्याचं गाढव तुमच्यासाठी थांबत नसतं. गल्ली दोन माणसांची, गाढव त्यातल्या दीड माणसाचं.

मोरोक्कोच्या सहलीच्या जाहिरातीत पाहिलेलं काही शोधत असाल, तर निराश व्हाल. तो प्रसिद्ध निळा दरवाजा? तो १९१३ सालचा, फ्रेंचांच्या अमलातला. पुदिन्याचा चहा मागाल, तर दुकानदार नुसता तुमच्या तोंडाकडे बघत राहील. चहा इथे रुळायला अजून काही शतकं आहेत. टोमॅटो, बटाटा, मिरची ही सगळी मंडळी अजून अटलांटिकच्या पलीकडे. जेवायला रोटी, ऑलिव्ह, अंजीर, मध आणि कुसकुस. पैसे म्हणून हातात पडतात चांदीचे चौकोनी दिरहम. ते मात्र खिशात घालून परत आणावेसे वाटतील असे देखणे आहेत.

रस्ता उताराला लागतो तिथेच सुलतान अबू इनानच्या नव्या मदरशाचं काम संपत आलंय. इथे जरा बसा. अंगणाच्या कडेला एक कारागीर जमिनीवर बसलाय, एक गुडघा वर, समोर छोटी ऐरण. डाव्या हातात झिलई दिलेली हिरवी फरशी, तिच्यावर खुणेच्या पांढऱ्या रेघा. उजव्या हातात जड, धारदार हातोडा. तो जोरात मारत नाही. हातोड्याला नुसता खाली येऊ देतो. टिचकी, टिचकी, टिचकी, आणि फरशीतून आठ टोकांचा तारा सुटून येतो. एखादं टोक उडालं की तारा बाद. शेजारचा पोरगा तुकडे रंगवार ढिगांत लावतोय : काळे, पांढरे, मधाच्या रंगाचे, हिरवे. पुढे लोक सांगतील की सुलतानासमोर या मदरशाच्या खर्चाची वही आली, तेव्हा त्याने ती न वाचताच नदीत फेकली. गोष्ट खरी असो-नसो, त्या टिचक्या ऐकल्यावर ती पटते.

खाली उतरत राहा. अत्तारांची, मसाल्यांची पेठ लागली, तिच्यालगत कापडाची, की समजावं करवीयीन मशीद जवळ आली. परंपरा सांगते की ही मशीद ८५९ साली फातिमा अल-फिहरी या बाईने बांधवली. बिगरमुसलमानांना आत जाता येत नाही, दारातूनच डोकवा. आत टांगलेल्या दिव्यांमध्ये एक घंटा दिसेल : सरळसोट चर्चची घंटा. जिब्राल्टर १३३३ साली जिंकून घेतलं तिथून ही आणली आणि तिला दिवे जडवून झुंबर केलं.

मशिदीच्या अंगाला स्वच्छ धंदे. वास, आवाज, घाण वाढत जाईल तसतसा धंदा लांब. तांबटांना मात्र जवळ जागा मिळालीय. त्यांच्या चौकात हातोड्यांचा असा ठेका धरलेला असतो की बोलायचं ते खुणांनीच. पण या शहराची खरी मांडणी पाण्याने केलीय. नदी वरच्या अंगाला अडवून तिचे पाट काढलेत. ताजं पाणी आधी मशिदींना, हमामांना, घरांतल्या कारंज्यांना, वाटेत पाणचक्क्या, मग रंगारी, आणि सगळ्यांत शेवटी, खाली, कातडी कमावणारे. इब्न अबी झर्अ या इतिहासकाराने याआधीच्या राजवटीतला हिशेब दिलाय : ४७२ पाणचक्क्या, कातडी कमावण्याचे ८६ कारखाने. जुन्या बखरकारांच्या आकड्यांवर मी सहसा भरवसा ठेवत नाही. इथे मात्र नाकच साक्ष देतं.

नाकाला पदर लावा, रुमाल लावा, काय हवं ते लावा आणि गच्चीवरून खाली बघा. हौदच हौद. पांढुरक्या हौदांत चुना; त्यात भिजून कातड्यावरचे केस सुटतात. पुढच्या हौदांत कबुतरांची विष्ठा कालवलेली. त्या पाण्याने चामडं मऊ पडतं. घराघरांतून ती गोळा होऊन इथे विकली जाते. त्या पाण्यात मांडीपर्यंत उतरलेला माणूस चामडं पायांनी तुडवतोय, एका लयीत, तासन्‌तास. मग रंगाचे हौद. पिवळ्या कातड्याला हौद नाहीच : ते जमिनीवर पसरून डाळिंबाच्या सालीचा रंग हाताने चोळतात. त्या माणसाचे हात कोपरापर्यंत पिवळे आहेत, आणि तो त्याच हाताने रोटी मोडून खातोय.

काही दारं मात्र बंद दिसतील. सात वर्षांपूर्वी, १३४८ मध्ये, प्लेगची साथ येऊन गेली. या मुलखात तिने ज्याच्या घरातलं कुणी नेलं नाही असा माणूस सापडणं कठीण.

ज्यांचं माणूस गेलं त्यांतलाच एक वर नव्या शहरात भेटेल. मरिनी सुलतानांनी १२७६ मध्ये जुन्या तटाबाहेर आपल्या दरबारासाठी वसवलेलं ते फेझ. तांजाचा हा पन्नाशीचा माणूस चोवीस वर्षं जग हिंडून १३४९ साली परतला, तेव्हा वाटेतच त्याला कळलं की आई प्लेगने गेली. नाव इब्न बतूता. आता सुलतानाच्या हुकमावरून तो आपला प्रवास सांगतोय आणि इब्न जुझय्य हा लेखनिक तो उतरवून घेतोय.

तुम्ही पोहोचता तेव्हा सांगणं देवगिरीवर आलंय. चपापू नका. दौलताबादचा किल्ला, वर्षाला दोनदा बहर येणारी द्राक्षं नि डाळिंबं. मग नंदुरबार : तिथे राहणारे मराठे कारागिरीत निष्णात, त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत, जेवण भात, भाज्या आणि तिळाचं तेल, जेवणाआधी आंघोळ. लेखनिकाची लेखणी सरसर चाललीय. कारागिरांच्या शहरात बसून हा माणूस तुमच्याच मुलखातल्या कारागिरांना शाबासकी देतोय. मग तो सांगतो देवगिरीच्या अंधारकोठडीतले उंदीर : मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना बघून पळतात.

दरबारात यावर कुणाचा विश्वास बसत नाही. दिल्लीचा सुलतान मिरवणुकीत यंत्रांनी लोकांवर नाणी उधळतो म्हणे! थापाड्या, अशी कुजबुज चालते. तेवीस वर्षांच्या इब्न खल्दूनलाही शंका आहेच. तो ती वजीर फारिस इब्न वद्रारपाशी बोलून दाखवतो. वजीर म्हणतो, पाहिलं नाही म्हणून खोटं ठरवू नकोस, आणि एक गोष्ट सांगतो. एक वजीर पोरासकट कैदेत पडला. पोरगा तिथेच वाढला. एक दिवस त्याने विचारलं, आपण खातो ते मांस कशाचं? बाप म्हणाला, मेंढीचं, आणि मेंढी कशी असते ते त्याने बारकाईने वर्णन करून सांगितलं. कोठडीत उंदरांशिवाय दुसरा प्राणी कधी न पाहिलेल्या पोराने विचारलं, म्हणजे उंदरासारखीच ना?