मलाझमधील नवे अध्यापक : रियाधच्या पहिल्या विद्यापीठातील रुजवणूक

राजे सऊद यांच्या कारकिर्दीत, 1950च्या दशकात, मक्का व जिद्दा येथील मंत्रालये रियाधला हलवण्यात आली, तेव्हा तेथे येणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जुन्या शहराच्या ईशान्येला ‘नवे रियाध’ वसवले गेले आणि हीच वसाहत पुढे अल मलाझ या नावाने ओळखली जाऊ लागली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि चहूबाजूंनी मोकळी जागा सोडून बांधलेली स्वतंत्र घरे ही तिची रचना, अंगणाभोवती दाटीने उभ्या राहिलेल्या मातीच्या जुन्या घरांपेक्षा अगदी वेगळी होती. परगावाहून आलेल्या नोकरदारांना सामावून घेणे हाच या वसाहतीचा मूळ हेतू असल्याने परदेशी अध्यापकांवर उभ्या राहणाऱ्या विद्यापीठाने आपली सुरुवातीची दशके येथे काढावीत, हे स्वाभाविकच होते.

किंग सऊद विद्यापीठाची स्थापना नोव्हेंबर 1957 मध्ये राजाज्ञेने झाली. पहिल्या वर्षी कला शाखेत 21 विद्यार्थी आणि 9 अध्यापक होते. 1958 मध्ये विज्ञान शाखा आणि 1959 मध्ये वाणिज्य व औषधनिर्माण या शाखा सुरू झाल्या. पहिले कुलगुरू अब्दुल वहाब अझ्झाम हे इजिप्तचे. फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’च्या जुन्या अरबी भाषांतराचे संपादक आणि इक्बालांच्या काव्याचे अरबी अनुवादक असलेला हा विद्वान विद्यापीठाचा पाया घालीत असतानाच 1959 मध्ये रियाध येथे निवर्तला. एका नव्या राज्याने आपले उच्च शिक्षण शेजारच्या देशातील अभ्यासकाच्या हाती विश्वासाने सोपवावे, ही गोष्ट त्या काळातील अरब जगाच्या बौद्धिक व्यवहाराविषयी बरेच काही सांगते.

बाहेरून येणाऱ्या अध्यापकाचे संस्थेत सामावणे मुख्यतः करारावर अवलंबून असे. ठरावीक मुदतीची नेमणूक, घरभाडे, वर्षातून एकदा मायदेशी जाण्या-येण्याचे विमानभाडे आणि ‘इकामा’, म्हणजे वास्तव्याचा परवाना, ही त्याची मुख्य अंगे होत. भारतातून जाणाऱ्यांसाठी ही प्रक्रिया मायदेशातच सुरू होत असे, कारण पदवीच्या प्रमाणपत्रावर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि सौदी दूतावास यांचे शिक्के क्रमाने उमटावे लागत. या सर्व व्यवस्थेत माणसाच्या राहण्याची सोय चोख होती, परंतु वर्गात समोर बसणारे विद्यार्थी कोण आहेत, त्यांचे पूर्वशिक्षण कसे झाले आहे आणि परीक्षेची पद्धत कोणती, हे नवागताने सहकाऱ्यांकडून समजून घ्यायचे, असेच गृहीत धरलेले दिसते.

स्थानिक अध्यापक घडवण्याचा मार्ग मात्र फार दीर्घ होता. इजिप्तच्या विद्यापीठांत रूढ असलेल्या ‘मुईद’ पद्धतीनुसार, म्हणजे गुणवान पदवीधराला साहाय्यक म्हणून नेमून पुढे विद्यापीठाच्याच खर्चाने परदेशी पाठवण्याच्या पद्धतीनुसार, असा पदवीधर अमेरिका किंवा ब्रिटनमधून डॉक्टरेट मिळवून साहाय्यक प्राध्यापक म्हणून परते. व्यक्तीला अनेक वर्षांच्या बांधिलकीने संस्थेशी जोडण्याचा हा विचार मराठी वाचकाला अपरिचित नाही. 1884 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर 20 वर्षे सेवेचे वचन देत असत. फरक इतकाच की पुण्यात ही बांधिलकी त्यागावर उभी होती, तर रियाधमध्ये शासनाने केलेल्या गुंतवणुकीवर.

अध्यापनाचीच ओळख करून देण्याची गरज औपचारिकपणे मान्य होण्यास वेळ लागला. भारतात 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे उभारली आणि नव्या प्राध्यापकांसाठी अनेक आठवड्यांचे उद्बोधन वर्ग सुरू केले. सौदी अरेबियात 2004 मध्ये शैक्षणिक मूल्यांकन व अधिस्वीकृतीचा राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्याच्या अभ्यासक्रम-विवरणाच्या नमुन्यात नव्या, पाहुण्या आणि अर्धवेळ अध्यापकांना अभ्यासक्रमाची ओळख कशी करून दिली जाते, असा स्पष्ट प्रश्न आला. या प्रश्नात प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, ग्रंथालयातील मदतनीस आणि कार्यालयातील लिपिक यांचा उल्लेख नव्हता, आणि ही उणीव गंभीर मानली पाहिजे, कारण नव्या अध्यापकाला पहिल्याच आठवड्यात ज्यांचा आधार घ्यावा लागतो, ती हीच माणसे असतात आणि त्यांच्यापैकीही अनेकजण दूरदेशाहून तितकेच नवखे आलेले असतात.