पुठ्ठ्यावरची भोके

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून नवे वस्त्र अंगावर घेताना, त्याच्या काठावरची वेलबुट्टी कशी उमटली असेल, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. पण आज घरोघर पोहोचलेल्या संगणकाचे एक मूळ या वेलबुट्टीतच गुंतलेले आहे, असे सांगितले तर फराळाच्या ताटावरची मुलेदेखील कान टवकारतील.

फ्रान्समधील लियाँ हे शहर रेशमी कापडासाठी प्रसिद्ध. अठराव्या शतकात तेथे नक्षीचे कापड विणायला मागावर दोघे लागत. विणकर धोटा फेकी. आणि ताण्याचे नेमके धागे वर उचलण्यासाठी मदतनीस, बहुधा एखादे पोर, दिवसभर दोऱ्या ओढी. एक दोरी चुकली की फूल बिघडले! याच शहरात १७५२ साली एका विणकराच्या घरी जोसेफ मारी जॅकार्ड जन्मला. आधीच्या कारागिरांच्या प्रयत्नांचा आधार घेऊन १८०४ साली त्याने जे यंत्र सिद्ध केले, त्याने या दोऱ्या ओढण्यातून पोरांची सुटका केली.

युक्ती साधी होती. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोके पाडायची, पट्ट्या ओवून माळ करायची आणि ती मागाच्या माथ्यावर फिरवायची. भोक असेल तेथे सुई आत शिरते व धागा उचलला जातो. नसेल तेथे सुई अडते व धागा खालीच राहतो. होय किंवा नाही, एवढीच त्या यंत्राची भाषा; पण त्या दोन शब्दांवर अख्खा गुलाब फुलतो. नक्षी बदलायची तर माळ बदलावी, माग तोच!

पुढे इंग्लंडात चार्लस बॅबेज या गणितज्ञाने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हीच भोकांची भाषा उसनी घेतली. सुमारे २४,००० पुठ्ठे वापरून विणलेले जॅकार्डचे रेशमी चित्र त्याच्या संग्रही होते. १८९० साली अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी मोजली, तीही भोके पाडलेल्या पत्त्यांवरूनच.

पण ज्यांच्या मागावर ही भाषा जन्मली, त्या विणकरांचे काय झाले? लियाँचा विणकर हा लहान उद्योजकच. माग त्याचाच. नव्या उंच मागासाठी क्रुआ-रूस टेकडीवर उंच छतांची घरे उभी राहिली. परंतु रेशीम व्यापाऱ्याचे आणि भावही व्यापाऱ्याचाच. १८३१ साली विणकरांनी मजुरीचा किमान दर ठरवून घेतला. काही व्यापाऱ्यांनी तो धुडकावला. नोव्हेंबरात विणकर रस्त्यावर उतरले, त्यांनी शहर ताब्यात घेतले. मग सैन्य आले आणि दर रद्द झाला. हे बंड यंत्राविरुद्ध नव्हते, दरासाठी होते, हे विसरून चालणार नाही. पुठ्ठा विणकराच्या मागावर होता. हिशेब मात्र दुसऱ्याच्या वहीत होता.

गोष्ट परदेशची खरी. पण आपल्या इचलकरंजीच्या माणसाला ती परकी वाटणार नाही. १९०४ साली जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला आणि त्यातून लहान लहान मागवाल्यांचे गाव उभे राहिले. त्यांतला ‘खर्चीवाला’ व्यापाऱ्याचे सूत घेतो, कापड विणून देतो आणि पिकाच्या हिशेबाने मजुरी घेतो. पीक म्हणजे बाण्याचा एक फेरा. सूत महागले, वीज महागली, मागणी आटली, की पहिला खडखडाट थांबतो तो त्याच्या मागाचा.

आता जॅकार्डचे पुठ्ठे जाऊन संगणकातली नक्षी थेट मागावर उतरते. धागा तुटताच माग आपणहून थांबतो, म्हणून कापड बिघडत नाही आणि सूत वाया जात नाही. माग किती फेरे चालला, कशामुळे थांबला, वीज किती जळली, याची नोंद खिशातल्या फोनवर दिसू शकते. अशी सोय साध्या मागालाही थोड्या खर्चात जोडता येते. नासाडी आणि वीज वाचली, तर मंदीचे दोन महिने काढण्याइतका श्वास लहान मागवाल्याला मिळेल.

मात्र लियाँने दिलेला धडा ध्यानात ठेवावा. ही नोंद केवळ व्यापाऱ्याच्या किंवा यंत्र विकणाऱ्याच्या हाती राहिली, तर मागवाल्याच्या पाठीवर नजर ठेवणारा आणखी एक मुकादम तेवढा वाढेल. तीच त्याच्या स्वतःच्या हाती आली, चार मागवाल्यांनी ती एकत्र मांडली, तर मजुरी ठरविताना ‘माझा खर्च इतका आहे’ असे तो आकड्यानिशी सांगू शकेल.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वह्यांची पूजा करतो. हिशेब ज्याच्या हाती, लक्ष्मी त्याच्या घरी, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. यंदा त्या वहीशेजारी मागवाल्याने आपला फोनही ठेवावा आणि त्यावर हळदकुंकवाची दोन बोटे लावावीत. फक्त आतला हिशेब आपलाच आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.