कँटिलिव्हर ब्रेक, सायक्लोक्रॉसचा

सायक्लोक्रॉस सायकलींचा पारंपरिक रिम-ब्रेक. फोर्कवरील व मागच्या दांड्यांवरील खुंट्यांवर दोन भुजा फिरतात. त्यांना सांधणारी आडवी तार मधोमध वर ओढली की ब्रेकची रबरे रिमवर दाबली जातात. बेल्जियम-नेदरलँड्समधील हिवाळी शर्यतींत टायरभोवती चिखलाचे लपके बसतात, म्हणून ऐसपैस जागा सोडणारा हा ब्रेक तेथे रुजला.

बाहेर पसरलेल्या भुजांत चिखल अडकत नाही, पण पकड बेताची. फ्रेमलगतच्या भुजांची पकड बरी, जागा कमी. आडवी तार आखूड करून खाली आणली की जोर वाढतो, मात्र रबरे रिमच्या अगदी जवळ ठेवावी लागतात.

पुढचा ब्रेक दाबताच फोर्क थरथरतो, ही याची जुनी खोड. केबलचा टेकू हेडसेटपाशी असतो. फोर्क मागे वाकला की केबल आणखी ताणली जाते, रबरे अधिकच आवळतात. टेकू फोर्कच्या माथ्यावर बसवणे हाच खरा उपाय. रबराचे पुढचे टोक रिमकडे किंचित वळवल्यानेही फरक पडतो. महागड्या भुजांआधी चांगली रबरे घ्यावीत.

२०१० मध्ये यूसीआय या जागतिक संघटनेने शर्यतींत डिस्क-ब्रेकला परवानगी दिली. त्यानंतर नव्या सायकलींवरून कँटिलिव्हर जवळजवळ हद्दपार झाला.